तळ्याचे नवे अस्तर

१९ मार्च

तळ्यातले पाणी पुन्हा उतरले आहे. परवा शिडीची दुसरी पायरी पाण्यात होती, आज ती कोरडी आहे.

तळे म्हणजे खरे तळे नव्हे. मागच्या अंगणात पत्र्याची गोल भिंत उभी करून दादाने केलेला पोहण्याचा हौद. जमिनीवरच उभा, छातीएवढा उंच, खाली वाळू आणि आतून निळ्या प्लास्टिकचे अस्तर. वीस वर्षांपूर्वी तो सगळा खोक्यांतून आला आणि दादाने स्वतः उभारला. त्याला हौद म्हटलेले दादाला खपत नसे.

दादा डिसेंबरात गेला. आता घरात वहिनी आणि मी, दोघीच. मी लग्न केले नाही, पहिल्यापासून यांच्याकडेच आहे.

ही वही एक्स-रेच्या फिल्म विकणाऱ्या माणसाने दवाखान्यात दिली होती. कोरीच पडून होती. मी दिवसभर लोकांना ‘श्वास रोखून धरा’ आणि ‘सोडा’ एवढेच सांगते. घरी येऊन जास्त काही बोलायची सवय राहिलेली नाही. लिहायला जमते का पाहू.

संध्याकाळी भाच्याचा फोन होता. त्याच्याकडे एक खोली रिकामी झाली आहे. आईने कायमचे तिकडे यावे असे त्याला वाटते. मेअखेर सांगायचे आहे, नाहीतर ती खोली तो भाड्याने देणार. वहिनी “बघते” म्हणाल्या. हा मायलेकांचा प्रश्न आहे. मी त्यात पडणार नाही.

२२ मार्च

गळती सापडली. शिडीच्या मागे अस्तराला चीर गेली आहे. फिल्मवर हाडाची बारीक भेग दिसते, तशीच. दादाने त्या भागात दोन ठिगळे लावलेली आहेत, पण आता प्लास्टिकच पत्रावळीसारखे कडक झाले आहे. ठिगळ धरणार नाही.

वहिनींना सांगितले.

“मग मोडीत काढू,” त्या म्हणाल्या. “भंगारवाला उचलून नेईल. अंगण तरी मोकळं होईल.”

“नवं अस्तर मिळतं, वहिनी.”

“आणि पोहणार कोण? मला पोहता येत नाही. तुला तर पाय बुडवायचे म्हटलं तरी कापरं भरतं.”

“तुमच्या गुडघ्यांना पाण्यात चाललेलं बरं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.”

“माझ्या गुडघ्यांची काळजी कधीपासून लागली तुला?”

“एक्स-रे मीच काढला होता,” मी म्हणाले.

हसतील असे वाटले होते. त्यांनी ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता.

अस्तर घ्यायचे मी ठरवले आहे. दादाने हौसेने केलेली वस्तू आहे, ती चालू राहायला हवी. बाकी काही कारण नाही.

२८ मार्च

दवाखान्यातून परस्पर दुकानात गेले. पाण्याचे पाइप, पंप, बादल्या आणि मागच्या अंगाला तळ्यांचे सामान. दुकानदार चांगला ऐसपैस माणूस आहे. स्टुलावरून न उठता सगळे दाखवतो.

“दोन तऱ्हेची अस्तरं येतात,” तो म्हणाला. “एक काठावर आकड्यासारखं अडकतं. मापात शिवलेला कपडा समजा. बसलं तर छान, माप चुकलं की बोंब. दुसरं जरा जास्तीचं असतं, भिंतीवरून बाहेर सोडायचं आणि वरून पट्टी ठोकायची. तळं केवढं जुनं?”

“वीस वर्षं.”

“मग ढगळच घ्या. आणि मोजून आणा. उभं मोजा, आडवं मोजा.”

“गोल आहे हो. गोलाला उभं-आडवं कुठून?”

“बाई, लग्नात मीसुद्धा सडपातळ होतो. एका जागी राहिलं की आकार बदलतो.”

त्याच्या पाठीमागे अस्तरांचे नमुने तारेवर टांगलेले होते. साधे निळे, खडे छापलेले, फरशीचा आभास केलेले. पंख्याच्या वाऱ्याने ते सगळे सावकाश हलत होते आणि मागच्या झरोक्यातले ऊन त्यांच्यातून गाळून येत होते. माझे हात निळे दिसत होते, दुकानदाराचे टक्कलही निळे. पाण्याखाली असेच दिसत असेल, असे मनात आले. किती वेळ उभी होते कोण जाणे. “बाई, नमुने विकायचे नाहीत,” असे तो म्हणाला तेव्हा निघाले.

२ एप्रिल

तळे मोजले. शिडीवर चढून टेप पलीकडे टाकायचा, दगड बांधून अडकवायचा, मग इकडून ताणायचा. वहिनी खिडकीत उभ्या राहून बघत होत्या.

“जरा टोक धरता का?” मी विचारले.

“एकदा धरलंय मी. पुरे झालं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

उभे माप एक आले, आडवे दुसरेच. आणि दोन्ही मापे दादाच्या पुस्तिकेत छापलेल्या मापापेक्षा कमी. पुन्हा मोजले, तेच. मग लक्षात आले की टेप माझा शिवणाचा आहे, कापडी. वापरून वापरून ताणलेला. ताणलेला टेप माप कमीच दाखवणार. म्हणून पुस्तिकेतले माप खरे धरले.

आकड्यासारखे अडकणारेच मागवले. बाहेर लोंबणारी वस्तू दादाला पाहवली नसती. त्याच्या शर्टाला कधी सुटा दोरा दिसला नाही.

१३ एप्रिल

आज तळे रिकामे केले. पाइप लावून पाणी झाडांना सोडले. पाणी शेवटी शेवटी अगदी आवाज न करता गेले.

ओटा आवरताना स्वयंपाकघर वेगळेच वाटत होते. कशाने ते कळेना. मग दिसले. छतावर रोज सकाळी जो उजेड डुलत असतो, तो नव्हता. तो तळ्याच्या पाण्यातून उडून येत होता. इतकी वर्षे मला वाटे की तो या घराचाच आहे.

दुपारी आम्ही दोघींनी जुने अस्तर कापले. वहिनी कात्रीने पट्टे पाडत होत्या आणि मी गुंडाळ्या करत होते. शिळ्या पाण्याचा वास येत होता. वाईट नव्हता.

अस्तर निघाल्यावर खालची वाळू उघडी पडली. तिच्यावर पावले होती.

वाळूवर प्लास्टिक असते आणि त्यावरून माणूस वर्षानुवर्षे चालतो, त्याने खाली खळगे पडतात हे उघड आहे. पण मी पाहिले नव्हते. भिंतीलगत सबंध तळ्याला फेरा घालणारी वाट पडलेली होती. एक नव्हे, दोन. भिंतीकडची अरुंद, तिच्या शेजारून जाणारी रुंद आणि खोल. दोन्ही वाटा एकमेकींना सोडून कुठेच गेलेल्या नाहीत.

मी सकाळी लवकर बाहेर पडते. माझी समजूत होती की वहिनी काठाला धरून चालतात आणि दादा मध्ये पोहत असतो. मध्ये तर वाळूला धक्काही नव्हता.

शिडीच्या समोरच्या बाजूला एका ठिकाणी वाळू नुसतीच तुडवलेली होती. तिथे ते थांबत असावेत. कशासाठी ते कळले नाही. तिथून पाहण्यासारखे काही नाही. झाडाची फांदी खाली आलेली आहे आणि घराच्या कुठल्याच खिडकीतून ती जागा दिसत नाही.

“आता ही वाळू सारखी करायला लागेल,” मी म्हणाले.

वहिनी कात्री हातात घेऊन उभ्या होत्या.

“आज नको,” त्या म्हणाल्या. “झाकून ठेव.”

ताडपत्री घातली.

१७ एप्रिल

सुट्टी होती. दुपारी डोळा लागला आणि स्वप्न पडले. दवाखान्यातली एक्स-रेची खोली पाण्याने भरलेली. मी पाण्यातच उभी, पण भिजत नव्हते. टेबलावर दादा उताणा, त्याचा शर्ट हळूहळू वर तरंगत होता. मी काचेमागून म्हटले, श्वास रोखून धरा. त्याने धरला. मग मला ‘सोडा’ म्हणायचे होते तर तो शब्दच आठवेना. दादा माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसत होता, घाई नाही म्हणाल्यासारखा.

जागी झाले तेव्हा वहिनी घरात नव्हत्या. अंगणात ताडपत्रीचा एक कोपरा उचललेला होता आणि त्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. मी हाक मारली नाही. चहा केला आणि झाकून ठेवला.

२४ एप्रिल

भाच्याचा फोन. मी समोरच बसले होते. वहिनींनी फोन हाताने झाकला.

“तो विचारतोय, आत्याचं काय म्हणणं आहे?”

“तिकडे लिफ्ट आहे,” मी म्हणाले. “तुमच्या गुडघ्यांना बरं पडेल.”

“झालं?”

“नातीचाही लळा लागेल.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मग फोनमध्ये म्हणाल्या, “आत्याने माझी पाठवणी करून टाकलीय रे. सामानच बांधायचं राहिलंय.”

नंतर भांडी आपटत होत्या. मी त्यांच्या सोयीचेच बोलले होते. दुसऱ्याच्या निर्णयात आपले घोडे दामटू नये. राग कशाचा आला ते समजले नाही.

रात्री जेवले नाही. पोट ठीक नव्हते.

३ मे

अस्तर आले. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मऊ व्हावे म्हणून सकाळी अंगणात उन्हात पसरले. सगळे अंगण निळे झाले. वाऱ्याने खालून हवा शिरली की ते फुगे आणि उसासा टाकून परत बसे. एक पक्षी त्यावर उतरला, चोच मारून पाहिली आणि फसवल्यासारखा इकडेतिकडे बघत उडून गेला. वहिनी कोपऱ्यावर वजन म्हणून बसल्या होत्या. थोड्या वेळाने पाहिले तर तिथेच कुशीवर झोपल्या होत्या. निळ्यावर त्यांची पांढरी वेणी. मी दुसऱ्या कोपऱ्यावर बसून राहिले. कामे बरीच होती, पण उठावेसे वाटले नाही.

ऊन उतरल्यावर, वाळूला हात लावण्याआधी, माप बसते का ते पाहू म्हणून अस्तर काठावर अडकवत गेलो. सुरुवात केली तिथे परत येऊन पोहोचलो तर हातभर अस्तर उरले. आणखी ओढले, उलट्या बाजूने लावून पाहिले. उरलेच. ताण येण्याऐवजी सगळीकडे पडद्यासारख्या चुण्या.

“कंपनीने चुकीचं पाठवलं,” मी म्हणाले.

वहिनी हसायला लागल्या. डिसेंबरानंतर पहिल्यांदाच. पत्र्याला धरून हसत होत्या.

“अगं, तळंच गोल नाही मुळी!”

“म्हणजे?”

“उभारताना ते झाडाला अडलं. आखणीच्या खुंट्या सरकवायच्या तर सगळं परत उकलायला लागलं असतं. मग तुझ्या दादाने पत्र्याचं एक टोक दुसऱ्यावर हातभर चढवलं, इकडून जरा दाबलं, तिकडून जरा दाबलं आणि दिले बोल्ट ठोकून. टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. वर मलाच विचारतो कसा, ‘बांगडीसारखं झालं की नाही?’ मी म्हटलं, झालं.”

“आणि वीस वर्षं बोलला नाहीत?”

“कशाला बोलायचं? पाण्याची काही तक्रार नव्हती.”

“मग मी मोजत होते तेव्हा तरी सांगायचं!”

“मला वाटलं, तुला कळलं असेल. टेप तुला खरं सांगत होता. तू पुस्तकावर विश्वास ठेवलास. तू आणि तुझा दादा, एकाच माळेचे मणी.” डोळे पुसत त्या पुढे म्हणाल्या, “समोरच्याने बोलून दाखवल्याशिवाय तुला काही दिसत नाही, वन्सं. हाडं तेवढी दिसतात.”

चिडल्या की किंवा खुशीत असल्या की मला वन्सं म्हणतात. आज कुठले होते ते ओळखता आले नाही.

६ मे

अस्तर परत नेले. दुकानदाराने माझ्या हातातली गुंडाळी पाहिली.

“ढगळ?”

“ढगळ.”

“तरी मी म्हणत होतो.” त्याने बदलून दिले. मग बोटांवर मोजत सूचना दिल्या. वाळू हाताने चाचपून सारखी करायची, खडा राहता कामा नये. ऊन असताना घालायचे. पाणी घोट्यापर्यंत आले की नळ बंद करून अनवाणी आत उतरायचे आणि मधून बाहेर, पायांनी सुरकुत्या सारत न्यायच्या. पाणी वर गेले की मग सुरकुती हलत नाही, जन्माची बसते.

“दोघं जण लागतील,” तो म्हणाला. “एकटा माणूस एक सुरकुती काढतो, तोवर पाठीमागे दुसरी तयार. आहे ना घरी कोणी?”

“आहे,” मी म्हणाले. मग वाटेत आठवले, मेअखेर जवळ आली आहे.

१० मे

वाळूचे काम मी करायचे ठरले होते. दंताळे घेऊन सकाळी तळ्यात उतरले. वाकले की भिंतीच्या आत वारा लागत नाही. वर आकाशाचा एक तुकडा आणि बाकी सगळे शांत, सुट्टीतल्या शाळेसारखे. मी दंताळे एका पावलाच्या कडेला टेकवले आणि उभी राहिले. मग दुसरीकडून सुरुवात करावी असा विचार केला. दुसरीकडेही पावलेच होती.

वहिनी शिडीवरून उतरल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. माझ्या हातातले दंताळे घेतले.

“तू वर जा.”

“मी करते ना.”

“यातले निम्मे पाय माझे आहेत. मी पुसते.”

मी शिडीवर बसले. त्या वाटेवरूनच चालत गेल्या, उलट्या दिशेने, दंताळे मागे ओढत. चालतील तिथली वाट मागे बुजत होती. घाई केली नाही. फांदीखालच्या त्या तुडवलेल्या जागी थांबल्या, झाडाच्या पानांकडे पाहिले, मग तीही सारखी केली. चेहरा लाल झाला होता. ऊन फार होते.

वर आल्यावर म्हणाल्या, “दोन खडे निघाले. एवढ्या वर्षांत टोचले कसे नाहीत कोण जाणे.”

१७ मे

स्वच्छ ऊन. अस्तर घातले. यावेळी काठावरून बाहेर भरपूर आले, कुठे जास्त, कुठे कमी. झाडाच्या बाजूला सर्वांत जास्त. पट्ट्या ठोकल्यावर वाईट दिसत नाही.

नळ सोडला. पाणी आधी मध्ये नाण्याएवढे साचले, मग ताटाएवढे, मग त्याला कडाच राहिली नाही. घोट्यापर्यंत आल्यावर नळ बंद केला आणि वहिनी उतरल्या. मी चपला काढल्या.

“तू येणार?” त्या म्हणाल्या. “पाण्यात?”

“दोघी लागतात, म्हणाला तो.”

पाणी गार होते. पहिल्यांदा पिंडऱ्या थरथरल्या, मग थांबल्या. मधोमध पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो आणि पायांनी सुरकुत्या बाहेर सारायला लागलो. चादर सारखी करावी तसेच, फक्त पायांनी. तळपायाखाली प्लास्टिक, त्याखाली मऊ वाळू. पाण्यात आकाश पडले होते आणि आम्ही ते तुडवत होतो. पाणी चुबुकचुबुक वाजत होते.

“उद्या त्याचा फोन येईल,” वहिनी पाठीमागून म्हणाल्या. “काय सांगू?”

“तुम्हाला वाटेल ते.”

“मला काय वाटतं ते मला माहीत आहे. तुझं विचारतेय. माझ्या गुडघ्यांना काय वाटतं ते नको सांगूस.”

माझ्या पायाखालची सुरकुती निसटून परत आत आली. ती पुन्हा धरली.

“एवढं पाणी मला एकटीला राखता येणार नाही,” मी म्हणाले.

“हे पाण्याचं झालं.”

वहिनींचा चेहरा दिसत नव्हता. दिसत असता तर मी बोलले नसते असे आता वाटते.

“संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळते,” मी म्हणाले, “तेव्हा स्वयंपाकघरात दिवा असतो. तो नसला तर मला घरी यावंसं वाटणार नाही. तुम्ही जाऊ नका, वहिनी.”

एवढे लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांत कोणाशी बोलले नव्हते.

मागचे पाय थांबले होते. मग परत चालायला लागले.

“माझ्या बाजूला एक मोठी सुरकुती आलीय,” वहिनी म्हणाल्या. “इकडे ये, दोघी मिळून काढू. आणि हळू चाल गं, लाटा करतेस.”

ती काढली. मग नळ पुन्हा सोडला. अंधार पडेपर्यंत पाणी गुडघ्याच्या वर आले होते आणि वहिनी वर यायला तयार नव्हत्या.

१८ मे

सकाळी छतावर उजेड डुलत होता. अजून थोडा, एका कोपऱ्यातच.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होते. वहिनी म्हणाल्या, “अरे, तळं आत्ता कुठे भरतंय. भरलेलं टाकून कशी येऊ? थंडीत ते रिकामं करू ना, तेव्हा येईन आणि चांगली ऐसपैस राहीन. तोवर खोली खुशाल भाड्याने दे. हो, आत्या बरी आहे. पेपर उलटा धरून बसलीय.”

पेपर उलटा नव्हता.

थंडीत दादाने तळे कधीच रिकामे केले नाही. पाणी काढले की अस्तर आखडते. तो पाणी आतच ठेवून वरून ताडपत्री घालायचा आणि तिचे दुसरे टोक दर वर्षी वहिनीच धरायच्या. त्या विसरल्या असाव्यात. फोन ठेवल्यावर आठवण करून द्यावी असे एकदा मनात आले. दिली नाही.